कुंकू लावलेल्या घरघंटीची कहाणी

ऐका पावतीदेवी, तुमची कहाणी. हातांत तांदूळ घ्या गं सगळ्यांनी. कुंदा, तो फोन पालथा ठेव, कहाणी चालली आहे.

आटपाट नगर होतं, नगराला पिनकोड होता. तिथं कालिंदी नांवाची एक धाकटी सून होती. तिच्या थोरल्या जावेची पिठाची गिरणी होती. कालिंदी तिथं राबे. दळण दळी, पीठ चाळी, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी होई. थोरली म्हणे, "गहू जाड आला." मग म्हणे, "ज्वारी सांडली." मग म्हणे, "उपकार मान, गिरणी माझी आहे." कालिंदी निमूट ऐके. मी असतें तर नसतं ऐकलं.

एके दिवशीं तिनं मनाशीं ठरवलं, आपली घरघंटी घ्यावी, घरीं दळावं, कुणाची बोलणी खाऊं नयेत. नवरात्रांत सेल लागला. मग तिनं फोनवर घरघंटी निवडली, मग बटण दाबलं. गल्लींतल्या बारा घरांना शब्द दिला, "यंदा चकलीची भाजणी माझ्याकडे द्या, वसुबारसेच्या आंत दळून देतें." थोरलीला कळलं. ती फणकारली, "वसुबारसेला रडत येशील. आलीस तर घेईन, पण मग पुन्हा गिरणी सोडायचं नांव काढायचं नाही!" कालिंदी म्हणाली, "बरं." झालं, पैज लागली.

दसऱ्याला घरघंटी दारीं आली. आनंद काय वर्णावा! मग कालिंदीनं काय केलं? तुम्ही-आम्ही जें करूं, तेंच केलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झाकणावर स्वस्तिक काढलं. नारळ फोडला तो उंबऱ्यावर, तेवढी अक्कल होती. मग बटण दाबलं. घरघंटी घूं म्हणाली, खर्र म्हणाली, गप्प झाली.

कालिंदीनं त्याच दिवशीं तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशीं माल परत न्यायला माणूस आला. त्यानं झाकण पाहिलं. "ताई, डाग पडलेत. वापरलेला माल परत घेत नाही."

"अहो, डाग कसले? कुंकू आहे तें!"

"माझ्या यादींत कुंकू नाही, डाग आहे." असं म्हणून गेला.

सहाव्या दिवशीं पुन्हा आला. "खोका कुठाय?"

"खोक्यांत मांजर व्याली. पिल्लांचे डोळेसुद्धां उघडले नाहीत, कशी उठवूं?"

"खोका नाही तर परत नाही."

अकराव्या दिवशीं कालिंदीनं फोन केला. एक दाबा, दोन दाबा, तीन दाबा. शेवटीं एक बाई म्हणाली, "मॅडम, परतीचे दहा दिवस काल संपले."

ओटीवर भाजलेल्या धान्याचे बारा डबे. वसुबारस सहा दिवसांवर. कालिंदी मटकन खालीं बसली नि ढसाढसा रडली. आतां पुन्हा ती गिरणी, पुन्हा तीं बोलणी, जन्मभर.

इतक्यांत दारीं एक म्हातारी आली. म्हणाली, "बाई, बाई, घोटभर पाणी दे." कालिंदीनं डोळे पुसले, पाणी दिलं, गूळ दिला. म्हातारीनं पुसलं, "रडतेस कां?" कालिंदीनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "पावतीचा वसा घे."

"तो काय असतो?"

"तुला वसा कशाला? उद्यां सेल लागेल, उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही. पण सांगा हो आजी लवकर!"

म्हातारी म्हणाली, "सेल लागला म्हणून हुरळूं नये, परतीच्या अटी वाचाव्या. पार्सल आलं म्हणजे एकीनं चित्रण करावं, दुसरीनं टेप कापावी. वस्तू आधीं चालवावी, मग पुजावी. खोका माळ्यावर टाकावा, मांजरीला दुसरा द्यावा. पावती जपावी. जवळ असेल पावती, त्यालाच देवी पावती."

"माझं तर सगळं उलटं झालं, आजी."

"असूं दे. माल मुळांत खराब, आणि तक्रार मुदतींत केलीस. कायदा सांगतो, खराब माल परत घेणार नाही असं विकणाऱ्याला म्हणतां येत नाही. त्यांच्याकडे तक्रार निवारण अधिकारी असतो. त्यानं अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यावी, महिन्यांत निकाल लावावा. नाही ऐकलं तर ग्राहकांच्या मदतीचा नंबर, एकोणीसशे पंधरा, फिरव, त्यावर ग्राहक मंच आहे. आतां पांच पुरावे मांड: पावती, ऑर्डरचा नंबर, बंद घरघंटीचं चित्रण, झाकणाचा फोटो, तक्रारींच्या तारखा. आणि लिही."

म्हातारी सांगे, कालिंदी लिही. काय लिहिलं? कान देऊन ऐका:

"साहेब, कुंकू झाकणाला, बिघाड मोटारींत. कुंकवानं यंत्र बिघडत असतं, तर दसऱ्यानंतर या नगरांत एक गाडी चालली नसती."

पत्र गेलं. कालिंदीनं वळून पाहिलं, तों म्हातारी नाही. कुणी म्हणे, ग्राहक मंचांतली निवृत्त कारकूनबाई होती. कुणी म्हणे, देवी. मी म्हणतें, दोन्ही असेल.

तिकडे अधिकाऱ्यानं पत्र वाचलं. खिडकींतून पाहिलं, तर त्याच्याच गाडीला झेंडूची माळ, त्याच्याच बॉनेटवर स्वस्तिक! तो खो खो हसला. मग पोच आली, मग कारागीर आला. त्यानं मोटार उघडली, म्हणाला, "तार कारखान्यांतूनच जळकी आली आहे हो." मग वसुबारसेला तीन दिवस उरले असतां नवी घरघंटी आली. कालिंदीनं शेजारणीच्या हातीं फोन दिला, टेप कापली, मूठभर गहू दळून पाहिले, मग कुंकू वाहिलं. आणि बसली दळायला! बारा डबे वेळेंत बारा घरीं गेले.

थोरलीनं वसा ऐकला नि नाक मुरडलं. "पावत्या जपायला मी काय कारकून आहे?" तिनं सेलांत मोबाईल मागवला. चित्रण केलं नाही, तपासला नाही, पावतीचा मेसेज पुसून टाकला. खोका उघडला, तर आंत कपडे धुवायचा साबण!

ती ओल्या डोळ्यांनीं कालिंदीच्या दारीं आली. "कालिंदे, तो वसा मला सांग."

"जाऊबाई, तुम्हांला कशाला? तुम्ही उताल, माताल..." कालिंदीनं चेष्टा केली.

थोरली म्हणाली, "उतणार नाही, मातणार नाही. आणि तुला गिरणींत परत ये म्हणणार नाही."

कालिंदीनं जावेला पाटावर बसवलं, चहा दिला, बँकेचा मेसेज शोधून तक्रार लिहून दिली. पोच आली आहे, निकाल यायचा आहे.

जशी देवी कालिंदीला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. बिघडलेलं परत जावो, धड तें घरीं येवो. ही साठां बहाण्यांची कहाणी, पांचां पुराव्यांनीं सुफळ संपूर्ण.