राहीचं तळं

हे तळं बघायला म्हणून इकडे कुणी येत नाही. तुम्ही वाट चुकून आलात, कळतंय मला. पण आलाच आहात तर काठापासून चार हात लांब उभे राहा. अलीकडचा हा काठ वरून धड दिसतो, खालून मात्र पार आत गेलेला आहे. पाणी बघा, भर उन्हाळ्यातही पिवळट. यात कुणी आंघोळ करत नाही, गुरंसुद्धा उतरत नाहीत. मी इथला कुंभार. सत्तरी उलटली, तरी चाक सोडलेलं नाही. तळ्याला नाव पडलंय ते आमच्याच घराण्यातल्या एका बाईचं, म्हणून ते सांगायचा मान माझ्याकडे. मान कसला, भोग म्हणा.

पूर्वी इथं पाणी नव्हतं, कुंभारांची मातीची खाण होती. वर हातभर काळी माती आणि तिच्याखाली मडक्याची चिकण, पिवळी. जुन्या लोकांची रीत अशी होती म्हणे, की काळी माती आधी अलगद बाजूला काढायची, खालची लागेल तेवढी घ्यायची आणि मृगाच्या आत काळी पुन्हा वर पसरून द्यायची. पुढच्या वर्षी तिथं गवत यायचं. निम्मा हिवाळा नुसती माती इकडची तिकडे करण्यात जाई, पण जमिनीला व्रण राहत नसे.

एका फाल्गुनात गावाला आग लागली. तेव्हा सगळी घरं गवतानं शाकारलेली, त्यात वारा सुटलेला. माणसं रानात होती. ती धावत येईतो निम्मं गाव जळून बसलं. म्हाळोजी कुंभाराची बायको राही, तिचं दीड वर्षाचं लेकरू झोळीत झोपलं होतं, ते गेलं. चौथ्या दिवशी तिनं अख्ख्या गावादेखत राखेत हात घातला आणि म्हणाली, ‘या गावात पुन्हा गवताखाली लेकरू झोपणार नाही. पावसाच्या आत घरोघर कौलं चढतील.’

शब्द दिला खरा, पण तेवढी माती आणायची कुठून? जुन्या रीतीनं काढली असती तर चार घरांपुरतीही निघाली नसती. तेव्हा म्हाळोजीनं खाणीच्या काठात आडवं बीळ पाडलं. वरची काळी माती हलवायलाच नको. दोन दिवसांत महिन्याची माती निघाली आणि गाव खूश झालं. बीळ अरुंद, म्हाळोजी आडव्या अंगाचा, त्यामुळे आत राही जायची. बसून खणायची आणि टोपली भरली की मागे सरकवायची.

एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली, ‘अहो, वरून चालताना जमीन पोकळ वाजते. मडक्याला तडा असला की कसं बद्द वाजतं, तशी.’ कुंभाराच्या बाईला तो आवाज कळणार नाही तर कुणाला कळणार? म्हाळोजीलाही कळत होता. तो म्हणाला, ‘सात घरं राहिलीत. तेवढी झाली की सगळं नीट भरून काढू.’ त्या सात घरांत लेकरं होती. राहीनं टोपली उचलली. पदर खोचून पुन्हा आत गेली.

वैशाखात भर दुपारी काठ बसला.

मडकं ठोकायचं लाकूड असतं, थापटणं म्हणतो आम्ही. बिळाची भिंत चोपायला राही ते आत नेत असे. मातीखालून त्याचा ठोका येऊ लागला, असं सांगतात. थांबून थांबून, पण येत होता. सगळं गाव खणायला उतरलं. दोन दिवस खणलं. जितकं काढावं तितकं वरून पुन्हा बसे. काढलेल्या मातीचा बाहेर हा एवढा ढीग झाला, आणि माती तर लोण्यासारखी. तिसऱ्या दिवशी पश्चिमेला वळवाचे ढग आले. मग एकेक माणूस वर आला आणि ढिगातली टोपलीभर माती घेऊन कुंभारवाड्याकडे गेला. लाज वाटली नसेल असं मी म्हणत नाही, पण नेली. राहीला काढायला उपसलेली माती, त्याच मातीची कौलं करायची होती.

म्हाळोजी एकटा खणत राहिला. शेवटी पाटील आला, मागं चार बाया, त्यांच्या कडेवर लेकरं. पाटील म्हणाला, ‘म्हाळबा, तुझ्याशिवाय कौलं कोण करणार? शब्द तिचाच आहे.’

म्हाळोजी उठला.

ठोका थांबला होता म्हणून तो उठला, असं गावात सांगतात. आम्ही त्याच्या भावाच्या वंशातले. आमच्या घरात तसं सांगत नाहीत. आमच्यात सांगतात, की तो उठला तेव्हा ठोका येत होता. चाकावर बसला तरी त्याला ऐकू येत होता म्हणे. सातही घरांवर कौलं चढली, मग पाऊस आला आणि खाण पाण्यानं भरली. लेकरं कोरडी राहिली, हेही तितकंच खरं आहे. मला या गोष्टीचा रागच येतो, पण नेमका कुणावर धरावा ते या वयातही कळलेलं नाही.

भाजलेली माती परत माती होत नाही. फुटली तरी खापर होते आणि खापर खापरच राहतं. कच्चं मडकं तेवढं पाण्यात विरतं. म्हणून म्हाळोजीनं नेम धरला, की दर भट्टीतलं एक मडकं न भाजता या तळ्यात सोडायचं आणि ते पुरतं विरेतो काठावर बसून राहायचं. कुणी कितीही हाका मारल्या, घर जळतंय म्हणून सांगत आलं, तरी उठायचं नाही.

आजही आमच्याकडे हा नेम चुकत नाही. म्हाळोजी म्हणे रांजण सोडायचा. सकाळी सोडला की विरायला दिवस मावळायचा. माझा बाप घागर सोडायचा, मीही घागरच सोडतो. माझे पुतणे आता बोळकं सोडतात. तंबाखू मळून होईतो ते विरतं. मग हात जोडून उठतात, आणि याच अलीकडच्या काठात आडवं खणायला लागतात. वीटभट्टीवाल्याला माती हवी असते. त्या विटांचीही कुणाची तरी घरंच होणार, तिथंही लेकरं झोपणार. मी त्यांना कुठल्या तोंडानं अडवू?