रस्त्यात बसलेले घर

सातासमुद्रापलीकडे, कॅरिबियनमधल्या एका बेटावर, केळीच्या बागांत बुडालेल्या एका गावात एक टँटी राहत होती. टँटी म्हणजे तिकडची मावशी. ती सख्खी कोणाचीच नव्हती, म्हणून साऱ्या गावाची होती.

त्या गावातली घरे फळ्यांची, दगडांवर नुसती टेकवलेली. जागा बदलायची झाली की लोक सामान हलवत नसत, घरच उचलत. ज्याचे घर त्याने हंडाभर कोनफळाचे कालवण रांधायचे, गावाने खांदा द्यायचा. नियम एकच: चारांतला एक कोपरा शेजाऱ्याने धरायचा. दुसऱ्या कोणी धरला तर घर वाटेतच बसते, अशी समजूत होती.

टँटीचे नेमके शेजाऱ्याशीच वाजले. त्याच्या झाडाचे नीरफणस तिच्या पत्र्यावर धाडकन पडत.

"थिओफिलस, मी जेवायला बसले की तू मुद्दाम पाडतोस!"

"अगं टँटी, झाडाला तुझी जेवायची वेळ कशी कळणार? तू तर दिवसभर जेवतेस!"

यानंतर शेजारी राहणे शक्यच नव्हते. टँटीने बंदराच्या वाटेवर, टेकडीच्या माथ्यावर जागा पाहिली, हंडा चढवला आणि शेजारी सोडून साऱ्या गावाला बोलावले. शेजाऱ्याच्या कोपऱ्याला बंदरावरून भाचा आणला. तो चकचकीत बूट घालून आला. चढावर बूट घसरला, कोपरा सुटला आणि घर रस्त्याच्या मधोमध बसले. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला ओढा. भाचा बुटांना शिव्या देत बंदराकडे निघून गेला.

"अरे, धरा की कोणीतरी!" टँटी ओरडली.

"तो शेजाऱ्याचा कोपरा," गाव म्हणाले. मग कालवण जेवून घरी गेले. तत्त्वाला ते पक्के होते, पण उपाशी राहण्याइतके नाही.

दुसऱ्या दिवशी केळी न्यायला बोट आली. बंदराचा रस्ता एकच, आणि त्यात घर. लोकांनी केळीचे घड डोक्यावर घेतले आणि टँटीच्या पुढच्या दाराने शिरून मागच्या दाराने बाहेर पडू लागले. रामराम केल्याशिवाय कोणाच्या घरात शिरणे तिथे चोरीहून वाईट. त्यामुळे प्रत्येक जण म्हणे, "गुड मॉर्निंग, टँटी!" कोणी वर म्हणे, "पडदे झकास आहेत हं!" उत्तरे देऊन टँटीचा घसा बसला. टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर चिकाचे डाग पडले.

सगळे गेले. शेजारी मात्र घड घेऊन दाराबाहेर उभा.

"तू ये म्हणालीस तर येतो," तो म्हणाला.

खाली बोटीचा भोंगा वाजला. बोट चुकली की त्याची केळी डुकरांपुढे टाकायची. बरी अद्दल घडेल, असे वाटून ती मागच्या दाराशी गेली आणि तिने माथ्याकडे पाहिले. वर वारा होता, गवत होते, माणूस नव्हता. आणि तिला पहिल्यांदाच प्रश्न पडला: तिथून कधी हलायचे झाले, तर शेजाऱ्याचा कोपरा धरणार कोण?

"ये," ती वळून म्हणाली. "पळ, बोट गाठ. आणि परत येताना कोपरा धर."

तो गेला. आणि खरोखर परत आला. गावाला याचेच जास्त नवल वाटले. पुन्हा सगळे जमले, घर उचलले गेले.

"बोल, वर न्यायचं?" त्याने कोपऱ्यावरून विचारले.

"मागे, जुन्या जागी," टँटी म्हणाली. "पण दार तुझ्याकडे नको!"

"मग मीठ मागायला काय खिडकीतून येऊ?"

"मीठ देणार कोण तुला?"

"आधी घर ठेवू द्या, मग भांडा!" बाकीचे तीन कोपरे ओरडले.

शेवटी दार त्याच्याच बाजूला झाले. गड्यांनी चुकून तसे ठेवले, असे टँटी सांगते. ते फिरवून घ्यायला तिने कोणालाही बोलावलेले नाही.

तात्पर्य: शेजाऱ्याशी खुशाल भांडावे, पण हाकेच्या अंतरावर राहून.