बेहड्यावरचा खुंट

ज्या जंगलात ऊन जमिनीला टेकायलाच दुपार व्हावी लागते, अशा एका दाट जंगलात बेहड्याचे जुने झाड होते आणि त्याच्या शेंड्याला एक शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे तांबूस पाठीची, झुपकेदार शेपटीची मोठी खार. झाडावरून ती सहसा खाली उतरत नाही. या शेकरूने बेहड्यावर काड्यापानांची चार घरटी बांधली होती. एकटीला चार घरटी, हा काही श्रीमंतीचा थाट नव्हता. तिचे पिल्लू एकाच घरट्यात होते आणि ते कोणत्या, हे कुणाला कळू नये म्हणून बाकीची तीन रिकामी बांधलेली होती. पिल्लू तिसऱ्या घरट्यात आहे हे तिने कुणालाच सांगितले नव्हते.

त्याच झाडाच्या मध्यावर खोडात एक खोल ढोली होती. थंडी सरता सरता तिथे धनेश या मोठ्या चोचीच्या पक्ष्याचे जोडपे राहायला आले. धनेशांची एक रीत आहे, ती माहीत नसेल तर पुढची गोष्ट कळायची नाही. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून चिखलाने लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवते. आत तिची पिसे गळतात. मग पुढे कितीतरी दिवस तिला उडता येत नाही की बाहेर पडता येत नाही. नर रानातून फळे आणतो, फटीतून भरवतो आणि त्यावर आई जगते, पिल्लू जगते. नर आलाच नाही तर आतल्यांचे काय, असा विचार धनेश करत नाहीत, कारण नर येतोच. लिंपलेला चिखल वाळला की सालीच्याच रंगाचा दिसतो, त्यामुळे बेहड्याच्या खोडात कुणी कोंडून घेऊन बसले आहे हे शेजारपाजारच्या कुणाच्या ध्यानात आले नाही. धनेशानेही ते कुणाला सांगितले नाही.

ढोलीच्या अगदी समोर, मोडलेल्या फांदीचा हातभर खुंट उरला होता. धनेशाला फटीत चोच घालायची तर त्याच खुंटावर बसावे लागे, दुसरीकडून चोच पोचत नसे. आणि नेमका तोच खुंट शेकरूलाही हवा असे. ती तिथे पोट टेकून, शेपटी खाली सोडून तासन् तास पडलेली दिसे. कुणी विचारलेच तर, वारा छान लागतो, असे सांगे. वारा कसला! तिसरे घरटे आणि पानांच्या फटीतले आभाळ ही दोन्ही एकदम दिसतील अशी झाडावर तेवढीच जागा होती. त्या आभाळात एक शिकारी मोरघार फिरत असे. शेकरूचे मागच्या वर्षीचे पिल्लू त्या मोरघारीनेच नेले होते.

मुलांनो, तुमच्या इमारतीखाली गाडी कुठे लावायची यावरून मोठी माणसे कशी भांडतात, ते तुम्ही गॅलरीतून पाहिले असेल. जागेचे भांडण ऐकून पोट भरत नाही, पण ऐकायला गर्दी होते. या भांडणालाही झाली.

सुरुवात आवाजावरून झाली. धनेश उडतो तेव्हा लोहाराचा भाता चालावा तसा त्याच्या पंखांचा आवाज होतो. तो दिवसातून आठ-दहा वेळा येई, आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या घरट्यातले पिल्लू दचकून अंग चोरून घेई. एकदा तर ते मागे सरकत सरकत घरट्याच्या काठाशी आले आणि शेकरूने त्याला मानेला धरून कसेबसे आत ओढले.  तशीच ती खुंटाजवळ उतरली आणि धनेशाला म्हणाली, "दादा, जरा हळू येत चला. फार आवाज होतो."

बोलणे सरळ होते, पण वेळ चुकली. धनेश फळे घशात साठवून आणतो आणि एकेक वर काढून भरवतो. त्या घटकेला त्याच्या घशात नऊ उंबरे होती. तोंड उघडले असते तर नऊही खाली गेली असती. त्याने मान ताठ ठेवली आणि तो समोर बघत राहिला. शेकरूने ती ताठ मान पाहिली, उंबरे तिला दिसली नाहीत. एवढा कसला माज, असे मनाशी म्हणत ती वर गेली.

दुसऱ्या दिवशी ती खुंटावरून उठली नाही. धनेश आला, एक घिरटी घालून समोरच्या जांभळीवर जाऊन बसला. घसा भरलेला असल्यामुळे त्याला तिथूनही काही बोलता येईना. ती उठेपर्यंत तो ताटकळत राहिला आणि आत त्याची बायको चोच मिटून, श्वास रोखून बसली. खुंटावर नखे वाजली की गप्प राहायचे, कुणी आहे हे कळू द्यायचे नाही, असे त्याने तिला बजावले होते. तिसऱ्या दिवशी मात्र त्याच्याने राहवेना. "ऊठ तिथून, ती जागा माझी आहे," असे तो ओरडला आणि सात उंबरे टपाटप खाली पडली. शेकरूला वाटले, रागाने फेकून मारली. तिने सांगितले की ती या खुंटावर तीन वर्षे बसते आहे आणि काल आलेल्याने तिला जागा शिकवू नये.

मग काय, दोघांनाही चेव आला. धनेश मुद्दाम पंख आपटत येऊ लागला. शेकरू मुद्दाम शेपटी पसरून आडवी पडू लागली. जांभळीवरचे कावळे एकाचे दुसऱ्याला सांगत, तेही तिखटमीठ लावून. शेवटी या कटकटीला कंटाळून रानातला एक म्हातारा वानर मध्ये पडला. वानर चांगला होता. त्याने दोघांना वेगवेगळे बसवून विचारले, की एवढ्या मोठ्या रानात तुला हाच खुंट कशाला हवा?

शेकरूच्या ओठांवर पिल्लाचे नाव आले होते. पण वानराच्या तोंडून ते कावळ्यांकडे जाईल आणि कावळ्यांकडून मोरघारीकडे, या भीतीने तिने ते गिळले. "वाऱ्यासाठी," ती म्हणाली. "आणि हक्क आहे माझा." धनेशालाही ढोलीचे सांगावेसे वाटले. पण झाडावर चढणाऱ्याला ढोलीचा पत्ता सांगायचा म्हणजे कहरच, असे म्हणून त्याने उत्तर दिले, "मला तिथून रान छान दिसतं. शिवाय खुंट काही तिच्या बापाचा नाही."

वानराने ऐकले त्यावर न्याय केला. हवा खाणारी एक आणि रान बघणारा एक, यात मोठेसे काय आहे, असे त्याला वाटले असल्यास त्याचा दोष नाही. सकाळ आणि संध्याकाळ खुंट धनेशाचा, दुपार शेकरूची, आणि धनेशाने येताना आवाज कमी करावा, असे त्याने ठरवून दिले. दोघांनीही मान हलवली. जास्त मागायचे तर कारण सांगावे लागले असते.

काही दिवस ठीक गेले. अंडे होते तोवर आतल्या मादीला दोन वेळचे पुरत होते. मग अंडे फुटले. नवे पिल्लू सारखे मागते, दुपारभर त्याला उपाशी ठेवून चालत नाही. मादी फटीतून हळूच म्हणाली, की दुपारीही आणले पाहिजे, नाहीतर हे वाचायचे नाही. धनेश बरे म्हणाला. शेकरूला जाऊन एकदा विचारावे असे त्याच्या मनात आले होते, हे मला ठाऊक आहे. पण इतके बोलून झाल्यावर विचारायचे कोणत्या तोंडाने?

त्या दुपारी तो घसा भरून आला. शेकरू खुंटावर होती. ठरल्याप्रमाणे वेळ तिची होती आणि ती हलली नाही. धनेशाने एक घिरटी घातली, दुसरी घातली, तिसरी घातली. पंखांचा आवाज साऱ्या रानात जाऊ लागला. चौथ्या घिरटीला शेकरूला पानांच्या फटीत, खूप उंचावर, मोरघार दिसली. ती वळली होती आणि खाली येत होती.

मोरघार दिसली की शेकरू कर्कश ओरडते आणि अवघे रान सावध होते. त्या दिवशी ती ओरडली नाही. ओरडले की आपला ठिकाणा कळतो, हे एक कारण. दुसरे कारण तिने पुढे कुणाला सांगितले नाही, पण मी सांगतो. कुणासाठी ओरडायचे, असे तिला क्षणभर वाटले. ती खुंटावरून उठली आणि आवाज न करता तिसऱ्या घरट्यात जाऊन पिल्लावर पालथी पडली.

खुंट रिकामा झाला. धनेशाला वाटले, अखेर सरकली बिचारी. तिच्याविषयी इतक्या दिवसांत त्याच्या मनात आलेला हा पहिला चांगला विचार होता. तो घाईने खुंटावर उतरला, आभाळाकडे पाठ केली आणि त्याने फटीत चोच घातली. एक उंबर आत गेले, दुसरे गेले. तिसरे वर काढत असताना मोरघारीने त्याला उचलले.

आत मादीला एवढेच कळले की नवरा दोन फळे देऊन गेला. बाबा जरा वेळाने येतील, असे तिने पिल्लाला सांगितले.

दुसऱ्या दिवशी बेहड्यावर अगदी शांत होते. शेकरूला खुंटही मिळाला आणि शांतताही. तिचे पिल्लू न दचकता झोपले. ती खुंटावर येऊन बसली, पण तिला बरे वाटेना. खाली पडलेल्या उंबरांना मुंग्या लागल्या होत्या. रान बघणारा पक्षी एवढी उंबरे घशात कशाला घेऊन फिरत होता, हा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडला. तेवढ्यात तिच्या नाकासमोरच्या सालीतून बारीक आवाज आला, चीं चीं असा, आणि लगेच दाबल्यासारखा बंद झाला. तिने जवळ जाऊन पाहिले. ती साल नव्हती. तो चिखल होता, त्याला फट होती आणि फटीत एक चोच आत ओढली जात होती.

शेकरू स्वतः आई होती. तिला सगळे एका क्षणात कळले. मग ती धावत सुटली. उंबरावरून फळे तोंडात धरून आणली, एकेक फटीत सरकवली. आतून ती एकेक बाहेर ढकलली गेली. "घ्या ना," शेकरू म्हणाली, "मी शेजारची."  शेजारची म्हणजे कोण, ते आतलीला चांगले माहीत होते. कितीतरी दिवस तिने त्या नखांचे आवाज ऐकले होते आणि नवऱ्याकडून त्या नखांची गाऱ्हाणी ऐकली होती. आज तीच नखे फळे देतात, ती चोच बाहेर यावी आणि धरून ओढावी म्हणून, असे तिला वाटले. तिने पिल्लू पोटाखाली घेतले आणि ते ओरडू नये म्हणून त्याच्यावर दाबून बसली. शेकरू पुन्हा पुन्हा विनवू लागली तेव्हा आतून एवढेच शब्द आले. "तुम्ही खुंट सोडा. हे यायचे आहेत."

शेकरूने खुंट सोडला. धनेश इतके दिवस तिच्याकडे एवढेच मागत होता. ती रोज ताजी फळे खुंटावर ठेवून जांभळीवर जाऊन बसू लागली, जिथे तो ताटकळत बसायचा तिथे. कुणीही आले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आतले चीं चीं थांबले.

मग मादीने आतून चिखल फोडायला घेतला. निम्मा दिवस ती चोच मारत होती. बाहेर आली ती अर्धवट पिसांची, उडता न येणारी, आणि खुंटावर बसली. तिथे उंबरांचा ढीग होता, वरची ताजी आणि खालची सुकलेली. तिने ढिगाकडे पाहिले आणि मग जांभळीकडे पाहिले. शेकरू हळूहळू जवळ आली. तिने मोरघारीचे सांगितले. आपण ओरडलो नाही, तेही सांगितले. आणि जी गोष्ट लपवायला तिने जिवाचा आटापिटा केला होता, ती सगळ्यात शेवटी सांगितली.

"त्या तिसऱ्या घरट्यात माझं पिल्लू आहे. तुमच्या ह्यांच्या पंखांच्या आवाजाने ते दचकायचं. एवढंच होतं."

धनेशिणीने ढोलीच्या फुटलेल्या तोंडाकडे एकदा पाहिले. मग म्हणाली, "एवढं ह्यांना सांगितलं असतंत, तर ते पलीकडच्या बाजूने उडत आले असते."

 तिने खालचे एक सुकलेले उंबर उचलून खाल्ले. पुढे पिसे वाढल्यावर ती ते रान सोडून गेली. शेकरू अजून बेहड्यावर राहते, पण खुंटावर बसत नाही. आभाळ बघायला तिला आता जांभळीवर जावे लागते आणि तिथून तिसरे घरटे नीट दिसत नाही.

तात्पर्य : जागेवरून आणि आवाजावरून शेजाऱ्याशी वाद झाला, तर त्याला आधी आपली अडचण सांगावी आणि त्याची विचारावी, हक्क मागाहून सांगावा. अडचण कळल्यावर बहुतेक शेजारी सरकून बसतात, पण ती वेळेवर कळावी लागते.