तार ओवलेला पैसा

“आणि सापडल्यावर काय करणार?” सोमगीर बुवांनी विचारलं.

पद्माकर निटुरकरांनी मान वर केली नाही. “काय सापडल्यावर?”

“जे शोधताय ते.”

“सापडलं की बघू,” पद्माकरराव म्हणाले आणि त्यांनी चाळणीत आणखी एक ओंजळ ओतली.

आंबेसावळीच्या मठाची ओसरी, समोर बारव, आणि ओसरीवर जुन्या पैशांची दोन पोती. पोत्यांच्या एका बाजूला वाखाचा दोर वळत बसलेले, ऐंशी ओलांडलेले गोसावी. दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेले, नाण्यांतले मोठे जाणकार. एकोणीस दिवस हाच देखावा चालला होता.

हे पैसे बारवेतले.

आंबेसावळीत लेकरू तापलं की त्याची माय घरातला एक पैसा घ्यायची, लेकरावरून ओवाळायची आणि कोणाशी न बोलता बारवेत नेऊन टाकायची. दुखणं पैशाबरोबर पाण्यात जातं, असं गाव मानायचं. टाकून झाल्यावर वळून बघायचं नाही, एवढाच नियम. आणि तो पैसा पुन्हा कोणी उचलायचा नाही. जो पैसा उचलेल, त्याने दुखणंही उचललं.

यंदा बारवेचा गाळ काढला, तेव्हा गाळातून पैसेच पैसे निघाले. भोकाचे पैसे, ढब्बू पैसे, शिवराया, काय म्हणाल ते. गाळ काढणाऱ्यांनी ते फावड्याने उचलले. हात कोणी लावला नाही.

ग्रामपंचायतीची पंचाईत झाली. देवळात ठेवता येईना, कोणाच्या घरी ठेवता येईना. शेवटी लिलाव पुकारला. दोनच गिऱ्हाइकं आली. एक लातूरचा भंगारवाला आणि दुसरे पद्माकरराव. भंगारवाल्याच्या कानात कोणीतरी पैशांची हकिकत सांगितली, तसा तो समोरचा चहा अर्धा टाकून निघून गेला.

पद्माकररावांनी पोती घेतली. तुमची तुम्ही न्या, पण गावात कोणाच्या घरात ठेवू नका, एवढं सरपंचांनी हात जोडून सांगितलं. म्हणून ते मठात आले. गोसाव्याला घर नसतं, ही गावाची सोयीची समजूत.

पद्माकररावांना आपल्या विद्येचा अभिमान होता आणि तो लपवण्याची तसदी ते घेत नसत. नाणं बोटांत धरलं की ते कोणत्या टाकसाळीचं, किती झिजलेलं, किती हातांतून गेलेलं, हे आपण सांगू शकतो, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बुवांना ऐकवलं. घरी नाण्यांनी भरलेले बावीस कप्पे होते, तेही ऐकवलं.

बुवांनी त्यांच्या हातांकडे बघितलं. हातांत पांढरे सुती मोजे होते.

“गावाला वाटतंय, साहेब भितात.”

पद्माकरराव हसले. भीती वगैरे काही नाही, हाताच्या घामाने धातूवर डाग पडतात, जाणता माणूस उघड्या बोटाने नाण्याला शिवत नाही, असं त्यांनी समजावलं.

बुवांनी दोराला एक पीळ दिला. “म्हंजे आमाला वाटतं पैसा आपल्याला बाधंल. तुमाला वाटतं आपण पैशाला बाधू.”

पद्माकररावांना हे आवडलं नाही. 

मग रोज सकाळी ते येत. पितळी परात, पिठाची चाळणी, मऊ ब्रश, भिंग आणि उजव्या हाताला टिपणवही. गाळ धुवायचा, नाणी फडक्यावर पसरायची, एकेक उचलून बघायचं. बुवा शेजारी दोर वळत. त्यांना या कामाची मोठी गंमत वाटू लागली होती. हा माणूस मनाशी पुटपुटतो कधी, थांबतो कधी, भिंग लावतो कधी, हे त्यांना पाठ झालं.

नवव्या दिवशी एक शिवराई निघाली.

तशी शिवराई पद्माकररावांनी उभ्या आयुष्यात दोनदाच पाहिली होती, तीही दुसऱ्यांकडे. तिच्यावर त्यांनी व्याख्यानं दिली होती. ती पुढ्यात आली, तेव्हा त्यांनी ती बाजूच्या डबीत टाकली आणि पुढचा पैसा उचलला.

बुवांचा हात थांबला.

“चांगली हाय का ती?”

“फार चांगली आहे.”

“मग?”

“मग काय?”

बुवांनी पुन्हा दोराला हात घातला. पण त्यांचं कुतूहल त्या दिवसापासून वाढलं. ज्याला भूक लागली आहे, तो समोर आलेलं ताट असं बाजूला सारत नाही. हा माणूस दुसरंच काहीतरी शोधतो आहे, आणि ते नाण्यांच्या पुस्तकातलं नाही.

विसाव्या दिवशी दुपारी दुसरं पोतं रिकामं झालं. पद्माकररावांनी ते उलटं करून झटकलं. थोडी माती पडली. त्यांनी ती मातीही चाळली.

मग ते खांबाला टेकून बसले. चेहरा पार उतरला होता.

“न्हाई सापडलं,” बुवा म्हणाले.

“काय नाही सापडलं? एवढी नाणी मिळाली. ती शिवराई...”

“चौथ्या दिवसापासनं तुमी भिंग उचललं न्हाई, साहेब. पैशाची बाजू बगत न्हाई, साल बगत न्हाई. नुस्ती भोकं बगताय.”

पद्माकररावांनी रिकाम्या पोत्याची घडी घातली.

“आन चौथ्या दिवशी काय तरी खिशात घातलंत. फडक्यावर ठेवलं न्हाई, वहीत लिव्हलं न्हाई.”

...

पद्माकररावांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. त्यांनी प्लास्टिकची एक लहान पिशवी काढली आणि दोघांच्या मधे ठेवली.

आत भोकाचा पैसा होता. हिरवा पडलेला. त्याच्या भोकातून तांब्याची बारीक तार ओवून तिला दोन पीळ दिले होते.

बुवांनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

“ही तर तांबटाची तार.”

“हो.”

“या गावात तांबटाचं एकच घर हुतं. केरबा तांबट.” बुवांनी मान वर केली. “तू केरबाचं लेकरू?”

वीस दिवसांचं ‘साहेब’ तिथेच संपलं. पद्माकररावांनी मान हलवली.

मग त्यांनी सांगितलं. सांगताना ते बारवेकडे बघत होते, बुवांकडे नाही.

ते पाच वर्षांचे असताना गावात गोवर आला. ते आणि त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान रंगा, दोघेही तापले. वडील भांडी विकायला औशाच्या बाजाराला गेलेले. रंगा तिसऱ्या दिवशी गेला. पद्माकर उरला. वर्षभरात वडिलांनी गाव सोडलं. आईने पुढे या गोष्टीचा शब्द काढला नाही. तिला जाऊनही आता तीस वर्षं झाली.

गेल्या दिवाळीत म्हातारी मावशी सहज बोलून गेली. त्या दिवशी घरात एकच पैसा होता. आईने दुकानातली तार तोडून त्याच्यात ओवली, हे तांबटाच्या घरचं आहे हे बारवेला कळावं म्हणून, आणि ती तशीच बाहेर पडली.

“कोणावरून ओवाळला, हे मावशीला विचारलं मी. ती म्हणाली, मी दाराबाहेर होते, मला नाही दिसलं.”

बुवांनी दोर बाजूला ठेवला.

“मला वाटलं, मावशी चुकत असेल,” पद्माकरराव म्हणाले. “कुठूनतरी दुसरा पैसा आणला असेल आईने. शेजारून घेतला असेल. दुसरीही तार असेल इथे. म्हणून पोतीच घेतली. हा चौथ्या दिवशी मिळाला. दुसरा नाही, बुवा. एकच आहे.”

“मग?”

“पैसा एक आणि लेकरं दोन.” त्यांनी पिशवीकडे बोट केलं. “म्हणजे तिने एक निवडलं. आणि मी जिवंत आहे. कोणाला निवडलं ते दिसतंच आहे.”

...

बारवेच्या भिंतीतल्या कोनाड्यातून दोन पारवे उडाले. गाळ काढल्यावर झरा मोकळा झाला होता आणि खाली पुरुषभर पाणी आलं होतं.

लहान भावाच्या वाट्याचं आयुष्य आपण जगलो, असं या माणसाला वाटत होतं. बावीस कप्पे, व्याख्यानं, मानपत्रं, सगळ्याच्या तळाशी आता ते एक वाक्य जाऊन बसलं होतं. बुवांना त्याची कणव आली. पण त्यांनी समजूत घातली नाही.

त्यांनी भलताच प्रश्न विचारला.

“निजला कुटं हुतात दोगं?”

“काय?”

“ताप आला, तवा. निजला कुटं हुतात?”

पद्माकररावांना आठवावं लागलं नाही. “माजघरात. एका वाकळेवर. मी भिंतीकडे, रंगा दाराकडे.”

“एका वाकळंवर.”

“वाकळ एकच होती.”

बुवा उठले. गुडघ्यांवर हात टेकत टेकत आले आणि पद्माकररावांच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून बसले. मग त्यांनी पिशवीतून तो पैसा उघड्या हाताने बाहेर काढला.

पद्माकरराव दचकले. “बुवा, तुमच्या गावात तर याला कोणी शिवत नाही.”

“आता शिवलो.”

बुवांनी तारेचा पीळ चिमटीत धरला. हात वर केला. पैसा पद्माकररावांच्या डोक्यावरून निघाला, स्वतःच्या डोक्यावरून गेला आणि पुन्हा पद्माकररावांकडे आला. एकदा. दोनदा. तीनदा. हात कुठे थांबला नाही.

मग त्यांनी मूठ पुढे केली आणि उघडली.

“तू जाणकार हायेस. किती हातांतनं गेला ते सांगतोस. आता सांग, ह्यो कुणाचा?”

पद्माकरराव त्या पैशाकडे बघत राहिले. 

इतके दिवस त्यांनी एकेक नाणं वेगळं करून पाहिलं होतं. एक नाणं, एक टाकसाळ, एक साल. आईचा हातही त्यांनी तसाच पाहिला होता. एक पैसा, एक डोकं.

त्यांनी उजव्या हातातला मोजा काढला. मग डाव्या हातातला. वीस दिवसांत पहिल्यांदा त्यांची बोटं बुवांना दिसली. तांबटाच्या मुलाची जाड, आखूड बोटं.

त्यांनी पैसा घेतला. तारेवरून अंगठा फिरवला. पीळ जिथे संपत होता, तिथे तार आत दाबलेली होती, कोणाच्या बोटाला टोचू नये अशी.

डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

“बाकीच्यांचं काय करायचं?” त्यांनी फडक्यांवरच्या ढिगांकडे हात केला. “हे सगळे...”

“कुणाकुणाच्या मायांचे हायेत. त्यांचं मागनं बगू. आदी तुझा.”

पद्माकरराव उठले. बारवेच्या पायऱ्या उतरू लागले. सातव्या पायरीपाशी पाणी लागत होतं. तिथे ते उभे राहिले. पैसा मुठीत होता. हात उचलला गेला आणि तसाच राहिला.

ओसरीवर बुवांनी पुन्हा दोर घेतला होता. वाखाचा एक पदर दुसऱ्यात अडकवून ते पीळ देऊ लागले.

खाली पद्माकररावांचा हात अजून हवेतच होता. त्यांना पुन्हा तेच आठवलं असावं. पाच वर्षांच्या मुलाला जे विचारता आलं नाही, ते त्यांनी त्रेसष्टाव्या वर्षी पायरीवर उभं राहून, वळून, वर बघत विचारलं.

“पण बुवा... रंगा तर गेला.”

बुवांचे हात थांबले.  पारवे पुन्हा कोनाड्यात येऊन बसले, तेवढा वेळ गेला.

“तिनं टाकला, तवा दोन्ही लेकरं जिती हुती,” बुवा म्हणाले. “वळून बगू नको.”