बैलाने झुलवलेला पाळणा

एका गावात एक घाणेवाला होता. हुशार किती, तर दोन माणसांचं काम एका बैलाकडून करून घेईल इतका. बायकोही तशीच कामसू. त्यांच्या तेलासाठी पलीकडच्या गावचं गिऱ्हाईक रिकामी बरणी घेऊन चालत यायचं.

त्यांना मुलगी झाली. आता तान्हं मूल म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. तीळ पाखडायला बसावं तर ते रडणार, तेल गाळायला उठावं तर ते रडणार.

घाणेवाल्याने डोकं लढवलं. पाळणा घाण्याशेजारी आढ्याला टांगला आणि त्याची दोरी बैलाच्या वाटेकडेच्या खांबाला अशी बांधली, की फेऱ्यात बैल आला की त्याचं जू दोरीला घासून जायचं आणि पाळण्याला झोका मिळायचा.

"बघ, एकाच बैलात घाणाही फिरतो आणि दाईही मिळते!" तो बायकोला म्हणाला.

मुलगी रडायची थांबली. गाव ही युक्ती बघायला लोटलं. पोरीला दूध वेळेवर, आंघोळ वेळेवर, गालावर तीटसुद्धा वेळेवर. फक्त तिच्याशी बोलायला कुणाला सवड नव्हती. "तिला काय कळतंय अजून? कळायला लागली की बोलू," असं दोघंही म्हणत.

आता बाजारातली रीत बघा. गिऱ्हाईक आज काही घेणार नाही, हे दिसत असलं तरी दुकानदार त्याला 'या, बसा' म्हणतोच. 'घेईल तेव्हा बोलू' म्हणणाऱ्याकडे ते पुन्हा फिरकत नाही.

मुलगी रांगायला लागली, तेव्हा कुठे तिच्या उष्टावणाला मुहूर्त मिळाला. मामा आला. त्याने खिरीचं बोट चाटवलं आणि विचारलं, "काय भाचीबाई, ओळखलंत का मामाला?"

मुलीने ओठ हलवले. "फुर्रर्र!"

"दाजी, ही तर बैलाची बोली!" मामा म्हणाला. सगळे हसले. आईही हसली.

मग रीतीप्रमाणे मुलीपुढे लेखणी, तराजू, मूठभर तीळ असं काय काय मांडलं. कशाला हात लावते ते बघायचं. समोर आई हात पसरून बसली. "ये गं, ये माझ्याकडे!"

मुलगी लेखणीवरून गेली, तराजूवरून गेली, आईच्या शेजारून गेली आणि तडक अंगणात बैलापाशी पोचली. त्याच्या पुढच्या पायाला मिठी मारून बसली. बैल बिचारा शहाणा, जागचा हलला नाही.

"ताई, लेकीने आई निवडली गं!" मामा ओरडला. पुन्हा हशा पिकला. या वेळी आई हसली नाही. तिने धावत जाऊन लेकीला उचललं, तर लेक बैलाकडे हात करून रडायला लागली.

पाहुणे गेल्यावर आई पाळण्याची दोरी सोडायला लागली.

"अगं, दिवाळी तोंडावर आलीय," घाणेवाला म्हणाला. "तेल कमी पडलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या घाण्यावर जाईल."

"गिऱ्हाईक गेलं तर हाका मारून परत आणीन. हिला हाक मारली, तर ही बैलाकडे गेली!"

घाणेवाला पुढे आला. त्यानेच दुसऱ्या टोकाची गाठ सोडली.

दुसऱ्या दिवसापासून लेक आईच्या कडेवर. "हे बघ काळे तीळ, हे बघ पांढरे." लेक 'आ' म्हणाली की आईही 'आ' म्हणायची. बाप मात्र लाजायचा. "मी काय बोलू हिच्याशी?"

"बाजारात बोलता तेच बोला की!"

"बरं. या बाईसाहेब! काय देऊ? तीळ देऊ की करडई?"

बाईसाहेब खुदकन हसल्या. तेव्हापासून बापाची दुकानदारी बंद होईना!

त्या दिवाळीला तेल कमी निघालं, दोनचार गिऱ्हाइकं खरंच दुसरीकडे गेली. पण पहिल्या आंघोळीला आई लेकीला तेल चोळत होती, तेव्हा लेकीने तिची हनुवटी धरली आणि म्हणाली, "आई."

तेलाची वाटी कलंडली. कुणी उचललीसुद्धा नाही.

"आणि मी गं? मी कोण?" बाप पुढे सरसावला.

लेकीने त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "फुर्रर्र!"

तात्पर्य एवढंच: पाळणा बैलही हलवील, पण बाळाच्या हुंकाराला ओ द्यायला माणूसच लागतं, आणि कळायला लागलं की बोलू म्हणून थांबू नये, कारण बोलण्यानेच त्याला कळायला लागतं.