टाकीतली हवा

खेळातल्या विमानांची चाकं हवेच्या जोरावर खाली-वर व्हायची, तेव्हाची गोष्ट. रिमोटवर उडणाऱ्या अशाच एका हातभर लांबीच्या विमानाच्या पोटात हवेची टाकी होती. भास्कर सायकलच्या पंपानं ती भरायचा. बटण दाबलं, की सुस्स करून चाकं खाली यायची.

मग भास्कर वारला. त्यानं भरलेली हवा तेवढी टाकीत राहिली.

त्याच्या धाकट्या भावानं, दिगूनं, चाकांसाठी विजेच्या मोटारी आणल्या आणि टाकी काढायला घेतली. हवा सोडायला त्यानं बटण दाबलं. टाकीनं झडप घट्ट मिटली.

"ही त्याची शेवटची हवा. मी कुणाला देणार नाही."

"टाकीबाई, त्यानं ती तुम्हाला ठेवायला दिली होती?" नव्या मोटारीनं विचारलं.

"नाही. चाकांसाठी दिली होती."

"मग चाकांना द्या की. पोराला धीर नाही. त्यानं नळी कापली, तर सगळी फुकट जाईल."

दिगूनं खरंच नळीला कात्री लावली होती. टाकीनं झडप सोडली. सुस्स. चाकं सावकाश उतरली. ती पूर्ण उतरेपर्यंत दिगू कात्री धरून तसाच बसला. मग त्यानं टाकी काढून मोटारी बसवल्या.

रविवारी माळावर विमान उतरायला आलं. मोटारींनी आवाज न करता चाकं खाली सोडली. खाली उभ्या दिगूनं तोंडानं सुस्स केलं.

त्याच्या पायाशी ठेवलेल्या हत्यारांच्या पेटीतल्या रिकाम्या टाकीला ते ऐकू आलं.

"हवा जरा कमी आहे," ती शेजारच्या पेचकसाला म्हणाली, "पण घरातलीच आहे."