बेचाळीस प्याले

एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीवर एकदा एक तरुण पाळक नेमला गेला. तो उत्साही होता, गळ्याने गोड होता आणि आकड्यांवर त्याचे फार प्रेम होते. दोन वर्षांत मंडळीच्या नोंदवहीतले सभासद पंच्याण्णवांचे एकशे साठ झाले. हा आकडा सांगताना त्याची मान जराशी ताठ होई. आपलीही झाली असती. त्याला उगाच हसू नये.

ज्यांच्या हाताखाली तो शिकला होता, त्या वृद्ध पाळकांना त्याने प्रभुभोजनाच्या रविवारी आग्रहाने बोलावले. भाकर आणि द्राक्षरस त्यांच्या हातून मिळावा हे खरेच. पण मंडळी किती वाढली ते त्यांनी डोळ्यांनी पाहावे, ही खरी ओढ. आदल्या दिवशी त्याने चर्चच्या सेवकाला बजावले, "वहीत जितकी नावं, तितके प्याले भर. तबकं भरलेली दिसली पाहिजेत."

उपासना छान झाली. लोक रांगेने पुढे आले, भाकरीचा तुकडा आणि अंगठ्याएवढा प्याला घेऊन जागेवर परतले. शेवटचा माणूस बसला तेव्हा तबकांत बेचाळीस प्याले तसेच उभे होते. उरलेला रस मागच्या खोलीत नेऊन पाळकाने आणि वडीलजनांनी संपवायचा, अशी तिथली रीत. तरुण पाळकाने तबक उचलायला हात पुढे केला. वृद्धांनी तो हलकेच बाजूला सारला आणि खुर्ची ओढून ते मेजाशी बसले.

"बाबा, शेवटचा आशीर्वाद द्यायचा राहिलाय," तो कुजबुजला.

"देतो की. जेवणारे येऊ देत."

"सगळ्यांनी घेतलं, बाबा."

"मग हे कोणाचे?"

सगळी मंडळी ऐकत होती. तरुण पाळकाने आठवून आठवून सात नावे सांगितली आणि तो थांबला. नव्या सभासदांची नावे त्याला तोंडपाठ होती. न आलेल्यांची बाकीची नावे काही केल्या आठवेनात. तेव्हा चटईवर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "त्यातला येक मार्थाबाईचा हाय, साहेब. तिचा ल्योक डेव्हिड गेल्यापासनं ती येत न्हाई."

तरुण पाळकाचे कान तापले. डेव्हिड वारला तेव्हा तो शेजारच्या तालुक्यात लोकांची श्रद्धा जागवणाऱ्या उज्जीवन सभा घेत होता. पुरायला दुसऱ्याच पाळकांना बोलवावे लागले. परतल्यावर आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत सात महिने लोटले, आणि मग जायचीच लाज वाटू लागली. ही गोष्ट मंडळीत सर्वांना ठाऊक होती. गुरूंसमोर मात्र ती आज उघडी पडली.

वृद्धांनी एक प्याला आणि भाकरीचा तुकडा वेगळा काढला, त्यावर रुमाल झाकला आणि आशीर्वाद देऊन मंडळीला निरोप दिला. मग शिष्याला म्हणाले, "चल, घर दाखव."

वाटेत तो एवढेच म्हणाला, "बाबा, तुम्ही सगळ्यांसमोर विचारायला नको होतं."

"तू सगळ्यांसमोर भरून ठेवले होतेस, बाळ," वृद्ध म्हणाले. "लग्नात पंगत बसली आणि एखादं पान मोकळं राहिलं, तर घरधनी पानं किती मांडली ते सांगत फिरतो का? तो विचारतो, कोण राहिलं? आणि उठून बोलवायला जातो. ज्या घरात अशी विचारपूस असते, तिथं लोक आपण होऊन येतात. त्यांची श्रद्धाही तिथंच मुरते. वाढवणं देवाच्या हातात आहे. विचारपूस आपल्या."

मार्थाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरून सलाम केला. वृद्धांना, मग याला. रुमालाखालचा प्याला आणि भाकर घेऊन वृद्ध पायरीवरच थांबले. पुढे त्यालाच जावे लागले.

"पाळकसाहेब, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "वहीत नाव हाय का माझं अजून?"

"आहे, मार्थाबाई."

"मला वाटलं, खोडलं आसंल. म्हणून कोणी आलं न्हाई."

नाव खोडले असते तर आकडा एकाने कमी झाला असता, म्हणून ते जपले होते. एवढेच खरे उत्तर होते आणि ते जिभेवर येईना. तो तिथेच जमिनीवर बसला. म्हणाला, "मी चुकलो, बाई. डेव्हिडबद्दल सांगा मला. मला त्याच्याविषयी काहीच माहीत नाही."

मार्थाबाईंनी सूप बाजूला ठेवले. बराच वेळ त्या नुसत्या रडल्या. मग सांगू लागल्या, तो जन्मला तिथपासून.

आपल्या वहीत ज्यांची नावे आपण इतक्या काळजीने राखून ठेवली आहेत, त्यांतल्या किती जणांच्या ओट्यावर आपण बसलो आहोत, हे ज्याने त्याने आज आपल्या मनाशी विचारावे.